दोष आढळला नाही

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, शेवटच्या गल्लीत,
मी गाड्यांना सरळ बघायला शिकवते.
जमिनीवर लेझरची लाल रेघ,
समोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा फळा,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा, अक्षरांशिवाय.
काचेमागचा कॅमेरा एक अंशाने कलला
तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटर चुकतो,
म्हणजे एक अख्खा माणूस, आडवा.

शमाल सुटून गेला की आमचा हंगाम.
बंपरच्या फटीत वाळू, रडारवर पीठ,
आणि तीन सेकंदांच्या आत शंभर गाठणाऱ्या गाड्या
टोईंगवर चढून येतात, आंधळ्या.

ही मात्र स्वतःच्या चाकांवर आली, करडी,
आत बसलेले हसनमियाँ परकार, बाणकोटचे.
"हिला आवाजच नाय, बाय.
आधीची खोकली की मला कळायचं कुठं दुखतंय.
ही मांजरासारखी येते."
तक्रार: मलीहाच्या रस्त्यावर, त्याच एका जागी,
सकाळी सहा चाळीसला कचकन ब्रेक.
मागे मालकांच्या पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यावर कावा सांडला.
"समोर काही नसतं. चिटपाखरू नाही.
मालक म्हणतात, गाडी भित्री निघाली. भीती काढून द्या."

मी नोंदी उघडल्या.
तिरपं ऊन, डांबर, पांढरी रेघ,
आणि उजव्या कडेला हिरवी चौकट.
चौकटीत माणूस.
नारिंगी जाकीट उन्हानं विटून वाळूच्याच रंगाचं,
रुंद झाडूनं रस्त्यावरची वाळू
रेघेपलीकडे ढकलणारा.
संध्याकाळी वारा ती परत आणणार.
दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी तोच.
अकरा दिवस, अकरा चौकटी.
एकदा तो नुसता बसलाय, बूट काढून,
तरी गाडीनं ओळखलंय:
पादचारी, ब्याण्णव टक्के.

परकारांनी चष्मा चढवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.
"मी तिथंच होतो," मग म्हणाले,
"हात मांडीवर. चाक आपलं आपण फिरतं.
मधेच ही म्हणते, हात ठेवा.
मी ठेवतो. ही गप्प होते."
तेहतीस वर्षं. धैदच्या रस्त्यावर रात्री
उंट त्यांना दिसायच्या आधी वासानं कळायचा.
"हा कधीपासून आहे तिथं?"
त्यांनी मला विचारलं, जसं काही मला माहीत असणार.

मालकांच्या ऑफिसातून फोन आला, मग मेसेज, मग परत फोन.
इशाऱ्याला तीन पायऱ्या असतात:
लवकर, मध्यम, उशिरा.
माझं बोट उशिरावर गेलं.
खोटं कशाला बोलू, गेलं, आणि थोडं थांबलंही.
गेल्या वर्षी एका लाल गाडीला मी हेच करून दिलंय,
गिऱ्हाईकानं जाताना बकलाव्याचा डबा ठेवला होता.
ती गाडी कुठल्या रस्त्यावर असते, मला माहीत नाही.

बोट मागे घेतलं. फॉर्म भरला.
कॅमेरा: ठीक. रडार: ठीक.
दोष आढळला नाही.
खाली शेऱ्याचा रकाना, दोन ओळींचा.
तिथं काय लिहायचं?
त्याचं नाव गाडीलाही ठाऊक नाही.

परकारांनी रुमाल काढला,
पुढच्या काचेवर, आरशाच्या बरोबर समोर,
हाः करून वाफ सोडली आणि पुसलं,
घासून घासून, जिथं आधीच स्वच्छ होतं.
"हे फोटो राहतात का हिच्याकडे?"
"तीस दिवस. मग आपोआप पुसले जातात."
"बरं," म्हणाले. पुढे काही म्हणाले नाहीत.

गेटपाशी गाडी वळली तेव्हा मी बघत होते:
दोन्ही हात चाकावर,
मान जरा पुढे, नवशिक्यासारखी.
इंडिकेटर द्यायचा मात्र विसरले.