रंगांचा तक्ता

शुक्रवारी सहमच्या पलीकडे, लिंबांच्या बागेत
खजुराचे क्रेट उलटे घातले
की झाला आमचा दवाखाना.

लघवीच्या रंगांचा तक्ता मी उंच धरते:
हा फिका, बरा.
हा मोहरीच्या तेलाचा, जपा.
हा कोऱ्या चहाचा, लगेच फोन करा.
मुसब्बिर लाजतो, बाकीचे त्याच्याकडे बघून हसतात.
परकारभाई माझं बोलणं
मोडक्या बांगलीत पोचवतात,
मध्येच खेडची एखादी शिवी मिसळून.

तहान लागायची वाट बघू नका, सांगते,
दर अर्ध्या तासाने पेलाभर.
प्रेशर मोजलं. क्षाराच्या पुड्या वाटल्या.
टाकीला हात लावला तर चटकाच बसला;
ओलं गोणपाट टाका हो हिच्यावर.

निघताना मुसब्बिरने पेला पुढे केला.
"घ्या, आपा."
नको, म्हटलं. नंतर.
तो तसाच उभा.

सकाळी सहापासून घोटभर घेतलेलं नाही.
एवढ्या बागेत बाईमाणसाला आडोसा नाही,
हे परकारभाईंच्या तोंडून
कसं सांगायचं?

त्याने पेला क्रेटवर ठेवला,
माझ्या हातातला तक्ता घेतला
आणि फिक्यापासून बोट सरकवत सरकवत
कोऱ्या चहाशी येऊन
माझ्याकडे पाहिलं.