नव्वद दिवसांचं कुलूप

चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची बॉडी, लूमचा गिअर, चरकाची लाट.
बीड निवताना किती आकसेल
ते पट्टीच्या आधी बोटांना कळायचं.

रिटायर झाल्यावर भाच्यानं साइट काढून दिली.
दोनशे बारा फोटो,
प्रत्येकाखाली माप, साल, कुठल्या फाउंड्रीसाठी.
महिन्याला चाळीसेक माणसं येतात,
त्यातली पाच तरी चुकून.

परवा नावाशेजारीच उमटलं :
सुरक्षित नाही.
च्यायला, मी?

पुण्याच्या कंपनीनं दर सांगितला,
वर्षाला चार हजार आठशे, वर जीएसटी.
म्हटलं, साहेब, चोरायला हाय काय तिथं?
लाकडाचे फोटो.
नेले कुणी, तर बोलवून चहा पाजीन.

शिकलगारांची तहेसीन संध्याकाळी आली, लॅपटॉप घेऊन.
हिचा आजा लक्ष्मीपुरीत धार लावायचा,
पायानं चाक फिरवत, ठिणग्यांत डोळे बारीक करून.
तिचेही तसेच झाले पडद्याकडं बघताना.
म्हणाली, मामा, खाली तो 'विचारा'चा चौकोन हाय,
त्यात लोकं काय लिहितात?

आणि मला आठवल्या इचलकरंजीच्या एक बाई.
नाव इथंही लिहीत नाही.
मालक गेले, चार लूम मागं राहिले,
एकाचा गिअर तुटका, त्याशिवाय गिऱ्हाईक उभं राहीना.
करून मिळेल का?
आणि दिरांच्या कानावर जाऊ देऊ नका.
खाली मोबाइल नंबर.

हे सगळं उघडं गेलं, तहेसीन म्हणाली.
वाटेत जो कोण बसला असेल,
लॉजचं वायफाय, केबलचं ऑफिस,
त्याला वाचता आलं असतं.
वाचलंच असेल असं नाही.

फोटो माझे होते.
चिठ्ठी माझी नव्हती.

मग तिनं समजावलं. किल्ल्यांची जोडी असते.
एक जगाला दाखवायची, एक कुणालाच नाही.
जोडी जुळली की तुम्ही ते तुम्हीच, हे पटतं.
पुढं प्रत्येक भेटीला नवं कुलूप घडतं,
बोलणं संपलं की मोडून टाकायचं.

म्हणजे वाळूचा साचा, मी म्हटलं.
रस ओतला, निवला, की साचा फोडायचा.
दुसऱ्या नगाला दुसरा.
पॅटर्न तेवढा आपल्या कपाटात,
तो सख्ख्या भावालाही द्यायचा नाही.

ती हसली.
तुम्हाला काय शिकवायचं, मामा.

पैसे किती?
काही नाही.
काही नाही म्हणजे?
एक संस्था हाय, सगळ्यांनाच फुकट देते.
नाव तुमच्याच ताब्यात हाय का, एवढं तपासते
आणि शिक्का मारते. नव्वद दिवसांचा.
फुकटचा शिक्का!
मी चष्मा काढून पुसला, परत घातला.
काळ्या पडद्यावर तिनं चार-पाच ओळी टाइप केल्या,
भडंगाची पुडी संपायच्या आत
नावाशेजारचे ते दोन शब्द गेले.
एवढंच? एवढ्यासाठी मी वर्षभर थांबलो होतो.

बाईंना फोन लावला रात्री.
माफी मागायची होती,
पण कशाची, ते नीट जुळेना तोंडात.
म्हटलं, गिअरचा पॅटर्न झालाय,
पैसे सागवानाचे तेवढे द्या.
त्या म्हणाल्या, बरं.
आणि थोड्या वेळानं, कुणाला बोलला नाही ना?
मी नाही बोललो, म्हटलं.
ते खरंच होतं. तरी 'मी'वर जरा अडखळलो.

शिक्का आपोआप नवा होतो म्हणे,
मध्यरात्री मशीनच मशीनला विचारतं, मशीनच देतं.
तरी मी कॅलेंडरवर सुताराच्या पेन्सिलीनं
नव्वदाव्या दिवसाच्या आठ दिवस आधी
एक फुली मारून ठेवलीय.
आमच्या फाउंड्रीतला रात्रपाळीचा भट्टीवालाही
आपोआपच जागा राहायचा.
असं मालकाला वाटायचं.