दोन पायांचा बगळा

त्या गावाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
मधली दोन अक्षरं लिहायची असतात, म्हणायची नसतात,
हे मला तिसऱ्या वर्षी कळलं,
समालोचकाच्या तोंडून.
तोवर मी देवाचं घ्यावं तसं घेत होतो,
एकही अक्षर न गाळता.

ओळख झाली टॉवेलमुळं.
अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात ऑर्डर आली,
दोन हजार नग, निळा काठ,
मधोमध क्लबचा बगळा, एका पायावर.
जॅकार्डचे पुठ्ठे पाडताना यमूल मास्तरांनी
त्याला दुसरा पाय दिला.
"एका पायावर किती वेळ उभारंल बे ते?"
चूक होती की दया,
मास्तरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.
माल बंदरावरून परत आला.
शेठनं दिवाळीत बोनस म्हणून तोच वाटला.
तेव्हापासून आमची अख्खी गल्ली
परदेशी बगळ्यानं अंग पुसते.

हा पक्षी कुणाचा, ते शोधलं मी एकट्यानं.

तिसऱ्या पायरीवरचा क्लब.
वर चढायला तीन जागा, खाली पडायला चार,
आणि आम्ही
(हो, आम्हीच म्हणतो मी)
कायम त्या चारांच्या उंबऱ्यावर.

शनिवारी तिकडं दुपारचे तीन,
इकडं साडेसात, नाहीतर साडेआठ.
ऑक्टोबर सरता सरता ते लोक घड्याळ मागं घेतात
आणि साखर पेठेत माझं ताट झाकून ठेवावं लागतं.
आईला काय सांगू,
तिकडं लवकर अंधारतंय म्हणून भाकरी गार झाली?

चित्र दिसत नाही. पैसे भरून नुसता आवाज,
तोही एका कानात.
दुसऱ्या कानात सोळा माग.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
माझे अकरा जण त्याच ठेक्यात पळतात.
उजव्या बगलेचा पोरगा कसा दिसतो, ठाऊक नाही.
दम लागल्यावर कसा चुकतो, ते ठाऊक आहे.

वडील तेलुगूतून विचारतात,
आपलं कोण आहे तिथं?
कुणी नाही.
मग हरल्यावर जेवत का नाहीस?
आई विड्या वळता वळता हसते,
आकडा मात्र चुकू देत नाही.

त्या गावातही गिरण्या होत्या म्हणे.
गिरण्या पाडल्या, मैदान राहिलं.
म्हातारे अजून शनिवारी तिथं जातात
पाळीला निघाल्यासारखे, डबा घेऊन.
आमचा भोंगा थांबला
तेव्हा आजोबा तीन महिने
सकाळी चप्पल घालून दारात बसायचे.
जायला काहीतरी पाहिजे माणसाला.

एप्रिलचा शेवटचा शनिवार.
बरोबरी झाली असती तरी वाचत होतो.
शेवटची दोन मिनिटं, आणि लाइट गेली.
सोळा माग एकदम थांबले.
मी कानातलं उपसलं, फोन बीमवर ठेवला.
इर्फान जॉबर आला, मल्लिनाथ आला,
कांड्या भरणारी नागमणी पदरानं वारा घेत आली.
कुणाला इंग्रजी येत नव्हतं.
गरज नव्हती.

गोल झाला तेव्हा ओरडले थोडेच लोक,
कुठल्यातरी एका कोपऱ्यातून.
बाकी मैदान गप्प.
घरच्या मैदानात घरची माणसं गप्प झाली
की तिचा एक आवाज असतो.
अंधारात आमची शेडही
तसाच आवाज करत उभी होती.

"गेलं का?" मल्लिनाथनं विचारलं.
गेलं. खाली.

नागमणीनं माझ्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून
तोंड पुसलं, परत टाकला.
बराच वेळ कुणी हललं नाही.
मग लाइट आली,
आणि पहिला माग सुरू व्हायच्या आत
मल्लिनाथ घाईघाईनं म्हणाला,
"खालच्यातलं किती वाजता असतंय बे?"