डावा

लोहार चाळीतून आणलेला टॉर्क सेन्सर
फक्त डाव्या पायाचं ऐकतो,
हे बसवल्यावर कळलं.

आणि पास्कलचा डावा
लहानपणापासूनच रुसलेला.
पाली हिलच्या चढावर उजवा जीव काढतोय,
मागे पावांची पेटी,
मोटर ढिम्म.

"मग साधा लाव, नुसते फेरे मोजणारा."
तो नको रे.
रिकामं पेडल फिरलं तरी उधळतो,
जोर कुठला, चाळा कुठला, कळत नाही त्याला.

पुन्हा खोललं. दोन्ही पायांचा मागवला,
साडेनऊ हजार, उधारीवर.

परवा पहाटे त्याच चढावर
उजव्याच्या दणक्याला मोटर उठली.
आणि दोन दणक्यांच्या मध्ये
पडद्यावर बारीकसं काही:
तीन न्यूटन मीटर.

पास्कल उतरून पायाकडे बघत राहिला.
"रोज कामावर येतो होय हा?"