काटा

साखळीला टांगलेलं इंजिन
तळोद्यात मणियारच्या गॅरेजात तीन दिवस लोंबत होतं.
खाली माझी जीप, बॉनेट उघडं,
डॉक्टरपुढे आ करून बसल्यासारखी.

धाकटा मणियार आयटीआय शिकलेला. म्हणाला,
"पेट्रोलच राहू दे. हलकं आहे,
पौषातल्या पहाटेही एका किल्लीत उठतं.
पंपाची कटकट नाही, नोझल धुळ्याला धाडणं नाही."
थोरला गप्प. त्याला ऐकू येत नाही,
तीस वर्षं डिझेलच्या उशाशी काढलीत त्यानं.
त्यानं पोराचे ओठ वाचले
आणि भंगारातून आणलेल्या दुसऱ्या इंजिनावर थाप मारली :
"हाई मरत नही. मालक मरस."

रात्री वही काढली.
तळोदा ते धडगाव, पेट्रोल : लिटरला सहा, घाटात चार.
डिझेलला अकरा पडतात म्हणे,
पण म्हणणाऱ्या सगळ्यांकडे डिझेलच आहे,
म्हणून मी आठ धरले.
इंजिनाचे पैसे, बसवायची मजुरी, आरटीओतले हेलपाटे.
बेरीज दोनदा केली, दोनदा वेगळी आली.
आणि उदईचं पाणी कुठल्या रकान्यात मांडायचं
ते काही सुचेना.

भाद्रपदात फरशीवर मधोमध
डिस्ट्रिब्युटर ओला झाला
आणि गाडी गप्प झाली,
बोलता बोलता डोळा लागलेल्या माणसासारखी.
अकरा माणसं उतरली मांडीभर पाण्यात.
सायकीबाई शेळी खांद्यावर घेऊन पार गेली,
काठावर वळून हसली, भाडं दिलं नाही.
चुकलं काय तिचं?
अर्धी नदी तिनंच ओलांडली होती.

डिझेलला ठिणगी लागत नाही.
ते नुसत्या दाबानं पेटतं,
आमच्या घरातल्यासारखं.

मग पपईच्या ट्रकांच्या काट्यावर
टेम्पोतून नेली दोन्ही इंजिनं.
गिरासेनं चष्मा वर केला, काही विचारलं नाही.
एक, एकशे साठ किलो.
दुसरं, दोनशे सत्तर.
पावतीवर 'माल' समोर आधीच छापलेलं : पपई.

फरक एकशे दहा.
म्हणजे गोमता वळवी आणि त्याची बायको.
किंवा सायकीबाई, शेळी,
आणि मोहाच्या फुलांचं एक गाठोडं.
बाजाराच्या दिवशी यातलं कोणाला खाली ठेवायचं
ते पावतीवर नव्हतं.

तरी डिझेलच बसवलं.

चांदसैलीच्या पहिल्या वळणाला
पाय काढून घेतला, तरी चढत राहिली,
कुणाला काही सिद्ध करायचं नसल्यासारखी.
उतारावर दुसऱ्या गिअरात
इंजिनानंच कंबर धरली तिची,
ब्रेक थंडगार.
उदईत बंपर बुडला, आवाजही बदलला नाही.
गोमता टपावर बसला, बायकोला आत जागा करून.
त्याबद्दल मी वहीत काहीच लिहिलं नाही.

वळणावर सीताफळं विकणारा पोरगा आहे एक.
माझा काळा धूर येताना दिसला
की आधी टोपलीवर पळसाची पानं ओढतो,
मग स्वतःच्या नाकावर शर्ट.
कधी कधी दुसऱ्याला उशीर होतो.

आवाज दोन टेकड्या पलीकडे जातो.
पूर्वी फाट्यावर अर्धा तास हॉर्न मारत बसायचो,
आता मी पोचायच्या आधी
माणसं पायवाटेनं उतरून उभी असतात,
गाठोडी बांधून, कोंबड्यांचे पाय बांधून.
हा अर्धा तास जमेत धरला,
तेवढंच एक न खोडता.

घरी बायको म्हणते, ओरडतोस कशाला,
मी इथंच आहे.

परवा ऑइल बदलायला गेलो.
इंजिन चालूच होतं. थोरला मणियार काहीतरी बोलला.
मी "काय?" म्हटलं नाही.
त्याच्या ओठांकडे पाहिलं,
आणि मला कळलं.