पान सदतीस

पाकीट आलं भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून.
आत चाळीस चिठ्ठ्या, एका मापात कापलेल्या,
आणि परिपत्रक : इयत्ता चौथी, पान सदतीस,
ओळ नऊ ते चौदा.
चिकटवून तसे कळवावे.

अस्नोड्याच्या आमच्या शाळेत चौथीला मुलं पाच.
उरलेल्या पस्तीस चिठ्ठ्यांचं काय करायचं
ते परिपत्रकात नव्हतं.

धडा सात बहिणींचा.
शिरगावची लईराय, मुळगावची केळबाय,
मयेची महामाया, मोरजीची मोरजाय,
आणखी दोघी, ज्यांची नावं गावागणिक बदलतात,
आणि मिराबाय, जी म्हापशाला गेली,
इगर्जीत राहिली, मिलाग्रिस सायबीण झाली.
हिच्या देवळातून तिच्या फेस्ताला तेल जातं,
तिच्याकडून हिच्या जत्रेला मोगरा येतो.
बहिणी म्हटल्यावर येणं-जाणं असतंच.
एवढंच होतं. सहा ओळी.

चिठ्ठीवरही सहाच ओळी, अक्षर जरा मोठं :
बहिणी सहा. आपली परंपरा थोर आहे.
दोन वाक्यांना सहा ओळी पुरवायच्या
म्हणजे अक्षर मोठं करावंच लागतं.

माझे वडील पोर्तुगीज शाळेत होते
तेव्हा पाठ करायचे तेजू, दोरू, मोंदेगू.
उभ्या जन्मात त्यांतली एक नदी पाहिली नाही.
शेवटच्या आठवड्यात, तापात,
त्याच नद्या म्हणत होते क्रमानं, एकही न चुकता.
घरामागच्या व्हाळाला काही नाव होतं का
हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं.

आणि मी?
नोकरीच्या पहिल्या वर्षी
गुणो हळर्णकर ‘हांव वता’ म्हणाला
म्हणून पट्टी मारली होती त्याच्या तळहातावर.
‘जातो म्हण. शुद्ध बोल.’
तो ‘जातो’ म्हणाला, आणि खरंच गेला,
पुढच्या वर्षी आला नाही.
तेव्हा कुणाचं परिपत्रक नव्हतं.
ते माझं मीच काढलं होतं.

तर शनिवारी मी खळ केली,
तांदळाच्या पिठाची, घट्ट,
आणि पाची पुस्तकं नीट चिकटवली.
कोपरे दाबले. वर पाटी ठेवली, पाटीवर वजन.
काम चोख करायची सवय
कुठलं काम ते विचारत नाही.

सोमवारी जोविता लोबोनं हात वर केला.
‘टीचर, सातवी खंय गेली?’
मी म्हटलं, पुढचा धडा काढा.
तिनं पान खिडकीकडे धरलं.
‘उजेडाक धरल्यार दिसता.’
मग पाची जणांनी धरलं.
अख्ख्या वर्षात इतक्या मन लावून
कुठलंच पान वाचलेलं मी पाहिलं नव्हतं.
आणि मी, तीस वर्षांची मास्तरीण,
म्हटलं, मिटा पुस्तकं.

साहेब आले बुधवारी.
पावभाजीची चव घेतली, हजेरी पाहिली,
पान सदतीसवरून अंगठा फिरवला.
मग मुलांना विचारलं, बहिणी किती?

‘सहा!’
पाची जण, एका सुरात.
जोविताचा आवाज सगळ्यांच्या वर.
मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.
शप्पथ, एक शब्दही नाही.
पाढ्यांना चुकणारा सुबल गावससुद्धा
या वेळी चुकला नाही.

साहेबांनी वहीत शेरा लिहिला : समाधानकारक.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.
जोविता बाकावरून उठून माझ्याजवळ आली,
हळूच म्हणाली,
‘टीचर, आतां सात म्हणूं?’

उत्तर द्यायच्या आधी
मी खिडकीतून पाहिलं,
गाडी पुलापलीकडे गेली का.