गार नाहीत ना?

रात्री दोनला जिना करकरायचा
आणि आम्ही तिघं डोळे घट्ट मिटून घ्यायचो.
पप्पा यायचे. पांघरुणाचं टोक उचलायचे,
आधी रॉयचे, मग माझे, मग धाकट्या इंगाचे
पाय हातात धरून बघायचे.
हात खरखरीत, कितीही साबण लावला
तरी लोखंडाच्या धुळीचा वास न गेलेले.
इंगाला हसू आवरायचं नाही.
"गार नाहीत ना?"
कुणालाच न विचारल्यासारखं, एवढंच.
मग पुन्हा जिना.

आम्हाला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करतात.

टू हार्बर्सच्या धक्क्यावर
अडतीस वर्षं काढली आर्व्हो नीमेलानं.
वर खनिजाच्या वाघिणी, खाली जहाजाचं पोट,
मधून तांबडा धडधडाट.
म्हणून घरी बोलणं बेताचं असेल.
चर्चमध्ये मागून तिसरा बाक.
शनिवारी सॉना, आणि त्या वाफेतसुद्धा
डावा पाय टॉवेलखाली.
तीन बोटं नव्हती त्या पायाला.
"माशानं खाल्ली," म्हणायचे.
सरोवरातला एक म्हातारा मासा,
आम्ही त्याचं बारसंही केलं होतं.
रॉय बारा वर्षांचा होईपर्यंत
पाण्यात उतरला नाही.

नाताळात प्रत्येकाला लोकरीचे मोजे.
करडे. दरवर्षी.
सोळाव्या वर्षी मला रेकॉर्ड प्लेअर हवा होता.
मी मोजे खिडकीतून बर्फात भिरकावले.
सकाळी ते शेगडीशेजारी वाळत होते,
टाचेला नवं रफू.
कुणी काही बोललं नाही.
(मी अजून बोललेले नाही.
हे पहिल्यांदाच.)

आई गेली, एकसष्ट वर्षांच्या संसारानंतर,
तेव्हा शवपेटीवाल्यानं तिचा चांगला पोशाख मागितला.
पप्पांनी सोबत मोजे दिले.
"कमरेखाली कुणाला दिसत नाही," तो समजुतीनं म्हणाला.
"दिसायला नाहीत," पप्पा म्हणाले.
मी खाली बघत राहिले.

कोरियाचं त्यांनी कधी सांगितलंच नाही.
पदक गळांच्या डब्यात होतं, शिशाच्या गोळ्यांबरोबर.
नव्वदाव्या वाढदिवसाला आयोवाहून
वॉरन बिसेल नावाचा माणूस आला,
नाकात ऑक्सिजनची नळी,
आणि केक खाता खाता सहज सांगू लागला.
पन्नास सालचा डिसेंबर. डोंगर.
बंदुकीचं तेलसुद्धा गोठलेलं.
आणि हा पोरगा, वीस वर्षांचा,
रात्री खड्ड्याखड्ड्यातून रांगत यायचा,
बूट काढायला लावायचा,
आमचे पाय आपल्या शर्टाखाली पोटाशी धरायचा.
"शिव्या घालायचो आम्ही त्याला," वॉरन म्हणाला.
पप्पा म्हणाले, "कॉफी घे, निवतेय."

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले.
पट्टा लावताना तो म्हणाला,
"एका रात्री त्याचा डोळा लागला. एकदाच.
दोन वाजता जाग आली. तोवर शेजारचा पोरगा…"
आणि पट्ट्याचं टोक शोधत बसला.
ते त्याच्या हातातच होतं.

आता मार्च आहे.
बंदरातला बर्फ अजून फुटलेला नाही.
नर्सनं चादर वर करून पाहिलं,
हळूच म्हणाली, आता पायाकडून सुरू झालंय.
रॉय कपाटात मोजे शोधतोय,
सत्तरीला टेकलेला रॉय,
एक करडा सापडतो, दुसरा सापडत नाही,
आणि तो त्या एकावरच चिडलाय.
मी खुर्ची ओढली.
स्वेटर वर केला,
ती सातच बोटं पोटाशी घेतली.
दचकले. इतकं गार.
आपल्या माणसाचं इतकं गार
मी कधी अंगाला लावलेलं नव्हतं.
त्यांनी किती वेळा लावलं असेल?

"गार नाहीत," मी म्हणाले.
त्यांनी विचारलं नव्हतं.

पलीकडून इंगा,
बासष्ट वर्षांची, नाक लाल झालेली,
रडता रडता खुदकन हसली:
"हळू धर गं.
गुदगुल्या होतील त्यांना."